डॉक्टर झाली नाही, म्हणून जीवशास्त्र सोडायचं?

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका कागदावरून आठ दिवस अबोला होता. कागद काही कोर्टाची नोटीस नव्हता की जमिनीचा फेरफार नव्हता. पुतणीच्या कॉलेजचा फॉर्म होता! बी. एस्सी.चं पहिलं वर्ष तिनं इथं कंधारला, आमच्या घरी राहून पुरं केलं. विषय तीन होते, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि संगणकशास्त्र. आता दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मुख्य ठेवायचा, एक जोडीला घ्यायचा आणि तिसऱ्याला रामराम ठोकायचा. मुख्य विषय रसायनशास्त्र, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते जोडीच्या विषयाचं. पोरीला हवं होतं प्राणिशास्त्र आणि तिचे वडील, म्हणजे आमचे थोरले भाऊजी, म्हणत होते संगणक.

"जीवशास्त्राचं नाव काढू नका आता," भाऊजी गावाहून आले ते ओसरीवर टेकतानाच म्हणाले. "दोन वर्षं लातूरला ठेवली, दोनदा परीक्षा दिली, म्हैस विकली. डॉक्टर झाली असती तर गोष्ट वेगळी. आता कशाला ते झुरळ अन् गांडूळ?"

त्यांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. म्हैस त्यांनी विकली होती, मी नव्हे. आपल्या नांदेड-लातूर भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा, जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी, हे गणित इथं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. 'लातूर पॅटर्न'चं नाव झाल्यापासून तर दहावीचा निकाल लागला रे लागला की शेजारीण पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारते, "मग, लातूरला टाकणार का?" आणि त्या 'नीट' परीक्षेत ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे! पोरं दोन-तीन वर्षं दुसरं काही जगतच नाहीत. आता हिशेब बघा. २०२४ साली या परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली होती आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर. उरलेली लाखो मुलं त्या परीक्षेबरोबर विषयही सोडून देतात. लग्न मोडलं म्हणून त्या गावचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणावं, तसलाच हा प्रकार.

तुमच्या घरीही असा फॉर्म आला असेल किंवा येईल, म्हणून आधी हे नवं प्रकरण काय आहे ते सांगते. मलाही ते समजून घ्यायला दोनदा कॉलेजच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पूर्वी आपल्या मराठवाड्यात बी. एस्सी.ला तीन विषय बरोबरीनं तिन्ही वर्षं असायचे. 'सीबीझेड'वाल्या मुली आठवतात ना? रसायन, वनस्पती आणि प्राणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे बदललं आणि महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. आता एक विषय 'मेजर', त्याचा अभ्यास सगळ्यांत जास्त. दुसरा 'मायनर', त्याला साधारण अठरा-वीस श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला एकूण १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यावरून मायनरचं वजन लक्षात येईल. हातातोंडाशी आलेला घास म्हणावा इतकं मोठंही नाही आणि पानातल्या लोणच्याइतकं थोडंही नाही. सरकारी कागदात कुठं कुठं त्याला 'गौण विषय' म्हणतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. आमची पुतणी 'जोडविषय' म्हणते, तोच बरा.

आणखी एक. कला शाखेच्या मुलींनासुद्धा आता आपल्या शाखेबाहेरचा एक खुला विषय घ्यावा लागतो. म्हणजे बी. ए. करणारी मुलगी कॉलेजात सोय असेल तर आहारशास्त्र, आरोग्य, पर्यावरण असलं काही शिकू शकते. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात कुठं तरी हललं, खरं सांगते.

कारण मी बी. ए. आहे ती हौसेनं नाही. दहावीला विज्ञानात मला चांगले गुण होते. पण विज्ञानाची प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत चालायची, गावाकडची शेवटची बस त्याआधीच निघून जायची आणि मुलीला कुणाच्या घरी ठेवायची माझ्या वडिलांची तयारी नव्हती. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र घेतलं. इतिहासावर माझं प्रेम जडलंही. कंधारला किल्ल्याच्या तटाखाली राहून ते न जडलं तरच नवल. पण शरीरात काय चालतं, हे मला शाळेनं शिकवलं नाही आणि कॉलेजनंही नाही. नववी-दहावीत पुनरुत्पादनाचा धडा आला तेव्हा सर म्हणाले, "मुलींनो, हा धडा घरी वाचून घ्या." घरी कोण वाचणार? आईला अक्षर येत नव्हतं आणि बापासमोर ते पान उघडायची हिंमत नव्हती. तुमच्यापैकी कितीजणींचा तो धडा असाच घरी वाचायचा राहून गेला असेल, मनाशीच आठवा.

आता मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. मराठी आणि इतिहास-भूगोल. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की तो तास कधी कधी माझ्याकडे येतो. तेव्हा मी पुस्तक उघडून वाचून दाखवते आणि मुलींनी प्रश्न विचारू नयेत अशी मनोमन प्रार्थना करते. असो.

पुतणीनं प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षात घरात काय काय केलं ते सांगितलं, तर तिचा हट्ट तुम्हाला कळेल. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. त्यामुळे हौद, ड्रम, रांजण, जे मिळेल ते भरून ठेवायचं. आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा, असं आरोग्य खात्याची मंडळी सांगून जातात. मी इमानेइतबारे दर शनिवारी ड्रम उपडा करायची आणि लगेच भरायची. तरी पाण्यात वळवळणारे किडे व्हायचेच. एक दिवस पुतणीनं ते चहाच्या गाळणीत धरले, बाटलीत घालून कॉलेजला नेले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि घरी येऊन मला म्हणाली, "काकू, ह्या एडिसच्या अळ्या आहेत. डेंग्यूवाला डास. आपण ड्रम रिकामा करतो, पण घासत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. हा डास घाणीत अंडी घालत नाही. त्याला आपल्यासारखंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंडी घालतो तो पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं ओतून देऊन भागत नाही, काथ्यानं आतली कड घासून काढायची आणि वर घट्ट फडकं बांधायचं. इतकी वर्षं मी अर्धंच काम करत होते! आता आमच्या गल्लीत शनिवारी घासण्याचा आवाज ऐकू येतो. पुतणी दोन-तीन घरी जाऊन तिथल्या बायकांना ड्रमची कड दाखवून आली आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी बी. एस्सी. कशाला? बरोबर आहे. पण त्या फॉर्मचं भांडण मिटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्यासाठी मोठ्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं.

जाऊबाईंना तिघी मुली. ही पुतणी तिसरी. हिच्या जन्माच्या वेळी गावच्या घरात पेढे-बर्फी तर सोडाच, चूलसुद्धा उशिरा पेटली म्हणतात. पुढची कितीतरी वर्षं जाऊबाईंनी ऐकून घेतलं. 'हिच्या कुशीतच खोट', 'हिनं वंश बुडवला', आणि काय काय. बोलणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या, हे लिहिताना लाज वाटते. जाऊबाई उलटून कधी बोलल्या नाहीत. त्यांनाही ते खरंच वाटत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊजी ओसरीवर होते, आम्ही बायका स्वयंपाकघरात तूर निवडत होतो. सासूबाई माळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. पुतणी आईला समजावत होती की प्राणिशास्त्र म्हणजे नुसतं झुरळ नाही. बोलता बोलता तिनं सुपातून दाणे उचलले. "आई, हे बघ. प्रत्येक माणसाजवळ अशी दोन गुणसूत्रं असतात. बाईच्या ओंजळीत दोन्ही तुरीचे दाणे. पुरुषाच्या ओंजळीत एक तुरीचा, एक मुगाचा. मूल होताना दोघंही एकेक दाणा देतात. तुझ्याकडे मूग नाहीच, तू नेहमी तूरच देणार. बाबांकडून तूर आली तर मुलगी, मूग आला तर मुलगा." मग थोडं थांबून म्हणाली, "आम्ही तिघी मुली झालो त्यात तुझ्या कुशीचा काही संबंध नाही. आणि बाबांचीही चूक नाही. ओंजळीतला कोणता दाणा निसटेल, हे कुणाच्या हातात नसतं."

जाऊबाईंनी ते दाणे उचलून तळहातावर घेतले. बराच वेळ बघत होत्या. "इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही गं हे," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंची माळ थांबली होती. "आमाला तरी काय ठाऊक माय," त्या म्हणाल्या, "आमी ऐकलं तेच बोललो."

मैत्रिणींनो, हे काही बी. एस्सी.चं ज्ञान नाही, शाळेच्या पुस्तकातही असतं. पुतणीनंही ते दहावीतच पाठ केलेलं. मग तेव्हा का नाही सांगितलं, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा ते मार्कांसाठी होतं काकू. लातूरला तर एका प्रश्नाला एक मिनिट. कुणाबद्दल आहे हे, असा विचार करायला वेळच नव्हता." पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या बाईंनी सावकाश शिकवलं, चित्रं काढायला लावली, तेव्हा तिला आपली आई आठवली.

त्याच बाईंनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट पुतणीनं मला सांगितली. मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवरून ठरतं, याचा शोध ज्यांनी लावला त्यांत एक बाई होत्या. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स. जन्म १८६१ चा. आधी शाळेत शिकवायच्या, पैसे साठवायच्या, आणि १८९६ साली पस्तिशीत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेल्या. त्यांनी हा शोध कशात लावला असेल? पिठात होणाऱ्या अळीत! आपण नाक मुरडून चाळणीतून फेकतो, तसल्याच अळीत. मादीच्या पेशीत वीस गुणसूत्रं सारख्या आकाराची, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक बारकं, असं त्यांना दिसलं आणि १९०५ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. त्याच सुमाराला एडमंड विल्सन हे शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जगाला कळलेली गोष्ट आमच्या जाऊबाईंपर्यंत यायला एवढा काळ लागला.

'जोडविषय घेऊन पुढं काय होतं?' हा भाऊजींचा खरा प्रश्न. त्यावर मला आपल्याच एका मराठी बाईंचं नाव आठवलं. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून पदवीधर झाल्या तेव्हा त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता आणि दुय्यम विषय पदार्थविज्ञान. बघा, मुख्य आणि दुय्यम ही विभागणी काही आजची नाही! बंगलोरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, शेवटी अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. पुढं दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, केंब्रिजला जाऊन बटाट्याच्या पेशींवर संशोधन केलं आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. परत आल्यावर डाळी, नीरा अशा गोरगरिबांच्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांत किती पोषण आहे, ते त्यांनी तपासलं. त्यांच्या पदवीत जीवशास्त्र नव्हतंच. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईंना सजीवांकडे वळावंसं वाटलं, आणि जन्मभराचं काम दोन्हींच्या सांध्यावर झालं. आमच्या पोरीच्या हातात तर दोन्ही आधीपासूनच आहेत.

पण मी भाऊजींना गोड गोड चित्र दाखवलं नाही, तुम्हालाही दाखवणार नाही. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन काही गोष्टी विचाराच. एक तर 'जीवशास्त्र' या नावाचा विषय कॉलेजच्या यादीत बहुधा सापडत नाही. तिथं वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, कुठं सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अशी वेगळी नावं असतात. पहिल्या वर्षी जे तीन विषय घेतले, मुख्य आणि जोडविषय त्यांतूनच निवडायचे असतात. तेव्हा पहिल्या वर्षाचे विषयच विचार करून घ्या, नंतर रडून उपयोग नाही. पुढं एम. एस्सी. करायची असेल तर ती साधारणपणे मुख्य विषयात मिळते. जोडविषयात प्रवेश मिळेलच असं धरून चालू नका, ज्या विद्यापीठात जायचं तिथली पात्रता आधी पाहून घ्या. शिक्षिका व्हायचं असेल तर विज्ञान शाखेचा फायदा मोठा. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान आणि सामाजिकशास्त्र असे गट वेगळे असतात. माझ्यासारखीला पहिल्या गटाचं दार बंदच. रसायनशास्त्राच्या जोडीला सजीवांचं ज्ञान असलेल्या मुलींना औषध कंपन्या, अन्नतपासणी, जीवरसायनशास्त्र या वाटा सोप्या जातात. प्राणिशास्त्रातल्या रेशीम आणि मत्स्यपालनाला आपल्या मराठवाड्यात हळूहळू बरे दिवस येत आहेत. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करायचं तर मात्र त्याचा वेगळा कोर्स करावा लागतो, नुसत्या जोडविषयावर भागत नाही.

वेळेचंही विचारा. तासाला पंधरा तासांचं एक क्रेडिट, तर प्रात्यक्षिकाला त्याच एका क्रेडिटसाठी तीस तास. म्हणजे मुलगी घरी उशिरा येणार. माझी गाडी जिथं अडली तीच ही जागा, म्हणून बसच्या वेळा आधी पाहा. गावाहून जाऊन-येऊन करणारी मुलगी असेल तर प्रात्यक्षिकाची बॅच सकाळची मिळते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

आणि तुमच्यापैकी माळकरी घरातल्या बायकांच्या मनात येईल ते आमच्या सासूबाईंच्याही मनात आलं होतं. "बेडूक फाडायला लावतात का गं?" आता नाही लावत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं. आता चित्रं, प्रतिकृती, संगणक यांवर शिकवतात. शेजारच्या मुलीनं वनस्पतिशास्त्र घेतलं आहे, ती जगतुंग तलावाकडच्या वाटेवरून झाडपाला गोळा करून आणते आणि जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवते. तिच्या आईची एकच तक्रार, की गादीखाली हात घातला की आघाडा टोचतो.

आता फॉर्मचं सांगते. त्या दिवशी स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते भाऊजींनी ओसरीवरून ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत. जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मग तो आठ दिवसांचा अबोला. फोन केला तर जाऊबाई उचलायच्या, ते नाहीत म्हणायच्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र स्वतः आले. पिशवीत जोंधळा होता, वर कैऱ्या. पाणी पिऊन म्हणाले, "आणा तो कागद." जोडविषयाच्या रकान्यात प्राणिशास्त्र लिहिलेलं त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खाली सही केली. "पण सुट्टीत संगणकाचा क्लास लावायचा," असं पोरीला बजावलं. तिनंही कबूल केलं. मला विचाराल तर भाऊजींची ही अट योग्यच आहे. आजकाल संगणकावाचून कुणाचंच चालत नाही.

संगणकाचा क्लास संपला, दुसरं वर्ष सुरू झालं. पोरगी परवा रक्तगटांवरचं काहीबाही पाठ करत फिरत होती. मला जेवणानंतर लगेच चहा घेऊ देत नाही. त्यानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही म्हणते, आणि ते खरंही आहे. तासभर थांबायला मी शिकले आहे, मनातून मात्र कुरकुरते.

मागच्या रविवारी जाऊबाईंचा गावाहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस झाला, सोयाबीनचं झालं. मग म्हणाल्या, "पोरगी हाय का घरी? ते तुरीच्या दाण्याचं परत एकदा सांगायला लाव बरं तिला. इथं शेजारच्या सुनेला दुसरी मुलगी झालीय, सासू लई बोलायलीय. म्या सांगते तिला, पर मूग कुणाकडं असतो तेवढं ध्यानात ऱ्हाईना."

मी पोरीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.